वितभर दुखणं

चौथ्या फेरीच्या मध्यावर देवमन तेलगोटे थांबला आणि कडुनिंबाच्या खोडाला हात टेकवून उभा राहिला. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं त्याला वळसा घालून पुढे गेली. "काका, तुमी बी फॉर्म भरला काय?" त्यातल्या एकानं विचारलं, आणि बाकीचे हसले. देवमन डावा पाय जमिनीवर टेकवून पाहत होता आणि पुन्हा उचलून घेत होता.

अकोल्याच्या कृषी विद्यापीठातला हा रस्ता पहाटेपासून माणसांनी भरलेला असतो. चालणारे डाव्या बाजूला, पळणारे उजव्या. बावन्न वर्षांचा, एक्क्याण्णव किलोचा देवमन तीन आठवड्यांपासून उजव्या बाजूला होता.

मुजम्मिल उलटा फिरून त्याच्याजवळ आला. तो एका शाळेत खेळाचा शिक्षक होता आणि सकाळी भरतीच्या पोरांना पळवायचा. त्याच्या आईची बीपीची औषधं जुन्या शहरातल्या किसनरावांच्या मेडिकलमधून जायची. तिथं काउंटरवर देवमन असायचा. तेवढ्या ओळखीवर देवमननं त्याला गाठलं होतं आणि म्हटलं होतं, मले पळाले शिकव. मुजम्मिलनं त्याला नऊ आठवड्यांचा तक्ता लिहून दिला होता. पहिल्या आठवड्यात एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, अशा आठ फेऱ्या. मग हळूहळू पळणं वाढवायचं, चालणं कमी करायचं. एक दिवस पळायचं, एक दिवस आराम.

"कुठं दुखून राहिलं, काका?"

"नडगीत."

"बसा खाली."

देवमन रस्त्याच्या कडेला बसला. मुजम्मिलनं त्याची पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि नडगीच्या आतल्या कडेवरून, हाडाला मांस चिकटतं त्या रेषेवरून, अंगठा दाबत खाली आणला. देवमननं दात आवळले.

"बोटभर जागेत दुखते का वितभर?"

"वितभर. इथून इथलोक."

"मंग ठीक हाय. एकाच बोटभर जागेत दुखलं असतं तं एक्स-रे काढाले धाडलं असतं. कधी कधी हाडाले चीर जाते." मुजम्मिलनं पँट खाली ओढली. "आरामाच्या दिवशी आराम केला ना?"

"केला."

हे खरं नव्हतं. देवमन तक्त्याप्रमाणे सकाळी पळायचाच, शिवाय आरामाच्या दिवशी संध्याकाळी दुकानातून अर्ध्या तासाची सुटी काढून मोर्णा नदीच्या पुलापलीकडे एकटा पळून यायचा. तिसऱ्या आठवड्यात तो पाचव्या आठवड्याच्या फेऱ्या करत होता.

"हे पाहा काका, नवा मानूस पळाले लागला की हेच होते. दम पंधरा दिवसांत वाढते. हाडाले दोन-तीन महिने लागते. दोन हप्ते पळनं बंद. सायकल चालवा, पोहनं येत असन तं पोहा. दिवसातून तीनदा बरफ लावा. पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली करा. मंग पुन्हा पयल्या हप्त्यापासून सुरू. अन् ह्या सिमेंटवर नाई, तिकडे वावराच्या कडेनं मातीवर. अन् हे बूट कोनाले तरी देऊन टाका. नाई, देऊ बी नोका. फेका."

"दोन हप्ते नाई माह्यापाशी."

मुजम्मिल हसला. "कोनती भरती हाय तुमची?"

"हाय एक," देवमन म्हणाला.

त्याची मुलगी प्रणाली तेवीस वर्षांची होती. बीएस्सी झाल्यावर ती तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. दीड वर्षापूर्वी तिचे पाय सुजायला लागले. दोन्ही किडन्या जवळजवळ संपल्या होत्या. कशामुळे, ते कोणत्याही तपासणीत सापडलं नाही. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, चार-चार तास तिचं डायलिसिस चालू होतं. अभ्यासाची पुस्तकं ती तिथं नेत असे. एका हातात सुया असल्यामुळे पानं उलटायला त्रास होतो, म्हणून तिनं अलीकडे मोबाइलवर वाचायला सुरुवात केली होती.

ऑक्टोबरच्या शेवटी अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात बदलाच्या किडनीची बोलणी झाली. देवमनचा रक्तगट मुलीशी जुळत होता. त्याची बायको चंदा हिचाही चालण्यासारखा होता. तिथल्या डॉक्टरबाई शांत आणि मोजकं बोलणाऱ्या होत्या. त्यांनी विचारलं, "तुमच्या दोघांपैकी कोण?"

"मी," देवमन म्हणाला.

चंदानं त्याच्याकडे पाहिलं. अंगणवाडीत मदतनीस म्हणून तिला वीस वर्षं झाली होती. ती म्हणाली, "मी बी देऊ शकते, मॅडम."

"तू नोको," देवमन म्हणाला, आणि मग डॉक्टरांकडे वळून सांगू लागला, "डायलिसिसच्या तिथं मी दीड वर्ष बसून राहिलो, मॅडम. देनारी पाहिली तं आई, नाई तं बायको, नाई तं बहीन. बाईनंच द्या असं कुठं लिहून नाई ना?"

"लिहिलेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी त्याचे कागद चाळले. क्रिएटिनिन, म्हणजे किडन्यांना गाळता न आलेली रक्तातली घाण, एक पूर्णांक दोन होतं. वरच्या कडेला होतं, पण चालण्यासारखं होतं. वजन चालण्यासारखं नव्हतं. "तीन महिन्यांत दहा-अकरा किलो कमी करा. रोज तासभर चाला, जेवण मी लिहून देते. अठ्ठावीस जानेवारीला पुन्हा रक्त तपासू, मग स्कॅन. आणि काही औषधं चालू आहेत?"

"नाई."

हे सांगताना त्यानं काहीही लपवलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षं मेडिकलच्या काउंटरवर काढलेल्या माणसाच्या लेखी औषध म्हणजे चिठ्ठीवर लिहून येतं ते. पाय दुखले की घेतली जाते ती गोळी. गोळीला कोणी औषध म्हणत नाही.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. चालून आठ दिवसांत अर्धा किलोही उतरला नाही, तेव्हा तो मुजम्मिलकडे गेला.

किसनरावांचं मेडिकल सकाळी नऊला उघडायचं. नडगी दुखू लागल्याच्या दिवशी देवमननं शटर वर केलं, धूप लावला आणि काउंटरमागच्या उंच स्टुलावर न बसता उभा राहिला. बसायची त्याला सवय नव्हती. गर्दीच्या वेळी स्टूल पायात येतं, म्हणून तो नेहमी भिंतीला टेकलेला असे.

पहिलं गिऱ्हाईक सुंदराबाई होती. कपाशी वेचायला जाणारी ही म्हातारी आठवड्यातून दोनदा यायची. शेतावर नेणारी गाडी चौकात उभी राहीपर्यंत तिला पाचच मिनिटं असत.

"दे बाप्पा, दोन टाइमाची दे."

"कंबर का हात?"

"सारंच. काय काय सांगू तुले. कंबर धर, हात धर, गुडघे त सांगूच नोको."

देवमननं कात्री घेतली. एका पट्टीतून दुखण्याच्या दोन गोळ्या कापल्या, दुसरीतून पित्ताच्या दोन, तिसरीतून पिवळ्या ताकदीच्या दोन, आणि सगळ्या कागदाच्या छोट्या पुडीत घातल्या. जुन्या शहरात याला पुडी बांधणं म्हणत. कोणत्या दुखण्याला कोणती गोळी, कोणाला पित्ताची जोडायची, कोणाला अर्धीच द्यायची, हे किसनरावांनी त्याला शिकवलं होतं, आणि आता किसनरावच एखाद्या गिऱ्हाइकाला म्हणत, थांबा, देवमनले येऊ द्या. कापणीच्या आणि वेचणीच्या दिवसांत तो दिवसाला शंभराच्या वर पुड्या बांधायचा.

"जेवल्यावर घेजो, मावशी. उपाशी नोको घेऊ."

"जेवन भेटलं त घेईन," सुंदराबाई म्हणाली आणि पुडी कमरेला खोचून गेली.

दुपारी दुकान रिकामं झालं, तेव्हा देवमननं स्वतःसाठी पुडी बांधली. दुखण्याची गोळी त्याला नवी नव्हती. दिवसभर उभं राहून पोटऱ्या भरून यायच्या. मग आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी एक गोळी तो पाण्याबरोबर घेत असे, चहा घ्यावा तशी. फक्त या वेळी त्यानं जास्त ताकदीची निवडली आणि एक ऐवजी दिवसाला दोन धरल्या, एक पहाटे पळण्याआधी, एक रात्रीच्या जेवणानंतर. पित्ताची जोडायला तो विसरला नाही.

तिसऱ्या दिवशी नडगी दुखायची थांबली. चौथ्या दिवशी तो पळायला गेला, पण पहिले दोन आठवडे मोर्णेच्या पुलापलीकडे, मुजम्मिलला दिसणार नाही असा.

डिसेंबरभर तो पळाला. अकोल्याच्या थंडीत पहाटे पळायला बरं वाटायचं. पाच मिनिटं सलग, मग आठ, मग वीस. गोळीचा असर दहा तास टिकतो हे त्याला पाठ होतं, आणि त्या दहा तासांच्या बाहेर पाय जिन्यावर चढताना चावायचा, तेव्हा तो कठड्याला धरून चढायचा. चंदानं एकदा विचारलं.

"पाय काहून धरून राहिले तुमी?"

"पळलं की होते. मुजम्मिलनं सांगतलं हाय, नव्या मानसाले होते."

"अन् काय कराले सांगतलं?"

"बरफ लावाले."

मग ती रोज रात्री स्टीलच्या डब्यात गोठवलेला बर्फ फडक्यात गुंडाळून त्याच्या पायाशी ठेवू लागली. तो लावून घ्यायचा. बर्फानंही बरं वाटतच होतं.

मुजम्मिलनं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्याला सलग पंचवीस मिनिटं पळताना पाहिलं. पोरांना पुढे सोडून तो त्याच्या बाजूनं पळू लागला.

"काका, दोन हप्ते थांबले होते ना तुमी? मले दिसले नाई मधात."

"हाव. थांबलो होतो."

"मंग पा, आराम केला की कसं सुटते. लोक ऐकत नाई." आणि मग, थोडं अंतर गेल्यावर, "आता तरी सांगा कोनती भरती."

देवमननं पळता पळताच सांगितलं. मुलीचं, किडनीचं, अठ्ठावीस तारखेचं. फाटकापाशी आल्यावर मुजम्मिलनं शिट्टी वाजवली. पुढे गेलेली सगळी पोरं थांबली. "काकांच्या मागून पळा," तो म्हणाला. "पुढे नाई जायचं कोनी." त्या दिवशी बावीस पोरं देवमनच्या मागे, त्याच्या चालीनं, शेवटच्या दोन फेऱ्या पळाली.

चोवीस जानेवारीला वजन ऐंशी किलो दोनशे ग्रॅम भरलं.

अठ्ठावीसला तिघंही पहाटेच्या बसनं अमरावतीला गेली. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा चंदानं डबा उघडला, पण देवमनला उपाशीपोटी रक्त द्यायचं होतं म्हणून त्यानं खाल्लं नाही. गोळी मात्र घेतली होती. बडनेरा येईपर्यंत प्रणाली त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.

दुपारी डॉक्टरांनी आत बोलावलं. त्यांनी आधी वजनाचा कागद पाहिला आणि मान हलवली. "एवढं कोणी करत नाही." मग दुसरा कागद पाहिला. तो त्यांनी दोनदा पाहिला.

"तेलगोटे, क्रिएटिनिन एक पूर्णांक सात आहे. लघवीत प्रथिनंही आहेत." त्यांनी चष्मा काढला. "गेल्या दोन महिन्यांत काय घेतलंत? काढा, चूर्ण, वजन उतरवायची पावडर? दुखण्याच्या गोळ्या?"

देवमन कागदाकडे पाहत राहिला. आकड्याचा अर्थ त्याला डॉक्टरांइतक्याच लवकर कळला होता. आणखी एक गोष्टही त्याच क्षणी कळली. आत्ता नाही म्हटलं, आजपासून गोळ्या बंद केल्या, तर पुढच्या तपासणीत आकडा खाली येण्याची शक्यता होती. पाणी कमी प्यालो असेन, म्हणता आलं असतं. डॉक्टर पुन्हा तारीख देतील. डाव्या हाताला प्रणाली बसली होती, तिच्या मांडीवर तिची निळी फाइल होती.

"दुखन्याच्या गोळ्या घेतल्या," तो म्हणाला.

"कोणत्या?"

त्यानं नाव सांगितलं. किती मिलिग्रॅमची तेही सांगितलं. "दिवसातून दोन. एक डिसेंबरपासून आज सकाळलोक. अठ्ठावन्न, एकोणसाठ दिवस होते. मधात दोन दिवस खाडा झाला."

"कशासाठी?"

"नडगी दुखत होती. पळून."

"त्याआधी?"

"त्याआधी आठवड्यातून तीन-चार. दुसऱ्या कंपनीची, कमी ताकदीची."

"किती वर्षं?"

"दुकानात लागल्यापासून म्हना. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं तरी."

डॉक्टर लिहून घेत होत्या. चंदा भिंतीकडे पाहत होती. लिहून झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "मी पहिल्या दिवशी विचारलं होतं, काही औषधं चालू आहेत का म्हणून."

"हाव."

"तेव्हा नाही म्हणालात."

"तवा मले वाटलं, नाई," देवमन म्हणाला.

सगळ्या गोळ्या बंद, भरपूर पाणी, सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त आणि मग स्कॅन, असं डॉक्टरांनी सांगितलं. "बरेचदा उतरतं," त्या म्हणाल्या. "पण मी आत्ता काही बोलणार नाही."

परतीच्या बसमध्ये चंदाला पुढे बायकांच्या शेजारी जागा मिळाली. प्रणाली आणि देवमन मागे बसले. बडनेरा गेलं, कुरुम गेलं. खिडकीतून तुरीची वाळलेली शेतं मागे जात होती.

"बाबा," प्रणाली म्हणाली, "माह्या फायलीवर पयल्याच पानावर लाल अक्षरात लिहून हाय. दुखन्याच्या गोळ्या देऊ नयेत."

"हाव."

"मले इंग्रजीतलं कळत नाई वाटून तुमीच वाचून दाखवलं होतं. बोट ठेवून ठेवून."

"हाव."

"मागच्या दिवाळीत दाढ दुखत होती तं तुमी मले रातभर लवंगेवर ठेवलं. गोळी नाई देल्ली."

देवमन समोरच्या सीटच्या दांडीला धरून बसला होता.

"मंग काहून?"

"ते तुह्यासाठी होतं," तो म्हणाला. "तू बिमार हाय. मी तं चांगला होतो ना."

प्रणालीनं तोंड खिडकीकडे वळवलं. मूर्तिजापूरच्या स्टँडवर ती उतरली, आणि देवमनला वाटलं ती आईकडे जाऊन बसेल. पण ती पाण्याची बाटली भरून आणून पुन्हा त्याच्याच शेजारी बसली. झाकण काढून बाटली त्याच्या हातात दिली.

"प्या. डॉक्टरनं सांगतलं तितकं प्या."

सहा आठवडे देवमननं पाणी प्यायलं. गोळ्यांना हात लावला तो फक्त दुसऱ्यांसाठी. पळणं बंद केलं आणि मुजम्मिलला दुकानातच, त्याच्या आईची औषधं देताना, सगळं सांगून टाकलं. मुजम्मिल औषधांची पिशवी हातात घेऊन उभा राहिला.

"मी विचारलं होतं तुमाले, काका."

"हाव. विचारलं होतं."

"दोनच हप्ते सांगतले होते."

"हाव बेटा."

दुसरं गिऱ्हाईक आलं. मुजम्मिल थोडा वेळ बाजूला थांबला, मग सलाम करून गेला.

नडगीचं दुखणं फेब्रुवारीच्या मध्यावर गेलं. कोणत्या दिवशी गेलं ते देवमनच्या लक्षातही आलं नाही. एका दुपारी माळ्यावरचे खोके काढायला तो शिडी चढला, उतरला, आणि खाली आल्यावर त्याला कळलं की पाय चावला नाही. न पळता, काहीही न घेता, सोळा-सतरा दिवसांत ते बरं झालं होतं. तो शिडीला धरून तसाच उभा राहिला. किसनरावांनी गल्ल्यावरून विचारलं, "चक्कर आली काय रे?" तो नाही म्हणाला.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात अमरावतीला रक्त तपासलं, स्कॅन झाला. आकडा एक पूर्णांक तीनवर आला होता. स्कॅनमध्ये मात्र दोन्ही किडन्या मिळून जेवढं गाळायला हवं होतं, तेवढं गाळत नव्हत्या.

"यातलं किती गोळ्यांमुळे, किती आधीपासून, हे मला सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "कोणालाच येणार नाही. तुम्हाला स्वतःला काही धोका नाही. पथ्य पाळलं तर या दोन तुम्हाला आयुष्यभर पुरतील. पण त्यातली एक द्यायला उरत नाही."

देवमननं विचारलं, "अजून सहा हप्ते थांबलो तं?"

"नाही, तेलगोटे."

"वजन अजून कमी केलं तं?"

"वजनाचा प्रश्नच नाही आता."

त्यानं मान हलवली. मग पुन्हा हलवली. चंदानं पदर सारखा केला आणि खुर्ची पुढे ओढली.

"माह्या टेस्ट आजच लावता येतीन काय, मॅडम? पुन्हा यायले सुटी भेटत नाई."

चंदाच्या सगळ्या तपासण्या चांगल्या निघाल्या. शेचाळीस वर्षांत तिनं बाळंतपणाशिवाय स्वतःसाठी दवाखाना पाहिला नव्हता. अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीसमोर तिला विचारलं, तुमच्यावर कोणी दबाव आणला का? ती म्हणाली, नाही. तुमच्या मिस्टरांची संमती आहे का? देवमन पुढे होऊन हो म्हणाला आणि दाखवलेल्या जागी सही केली. त्याच्या सहीचं वळण चांगलं होतं.

एप्रिलच्या एका बुधवारी ऑपरेशन ठरलं. सकाळी सातलाच प्रणालीला तयार करून दुसऱ्या खोलीत नेलं होतं. जाताना तिनं आईला हात केला, बापाला म्हटलं, "बाबा, नाश्ता करून घ्या तुमी."

चंदाला हिरवा गाऊन घातला होता. केस टोपीत बांधले होते. नर्सनं मंगळसूत्र, जोडवी काढून पिशवीत घालून देवमनकडे दिली. मग ती हाताकडे वळली. दोन्ही मनगटांत मिळून डझनभर काचेच्या बांगड्या होत्या, घट्ट बसलेल्या.

"ह्या निघत नाहीत. फोडाव्या लागतील, ताई."

"फोडू नोका," चंदा म्हणाली. सकाळपासून तिनं कशालाच नाही म्हटलं नव्हतं.

"मग कशा काढायच्या? वेळ नाही आता. दहा मिनिटांत आत न्यायचंय."

"मी काढतो," देवमन म्हणाला. "साबन हाय काय?"

नर्सनं बेसिनवरून साबण आणून दिला. देवमननं हात ओले केले, साबणाचा फेस केला आणि चंदाचा उजवा हात स्वतःच्या हातात घेतला. अंगठा आत मिटवून तळहात लांबट केला, हाडांचे उंचवटे दोन बोटांनी दाबून खाली बसवले आणि पहिली बांगडी फिरवत फिरवत पुढे आणली. सर्वांत रुंद जागी ती अडली. त्यानं ओढली नाही. पुन्हा थोडा साबण लावला.

"दुखून राहिलं काय?"

"नाई. काढा तुमी."

बांगडी निघाली. त्यानं ती पलंगावर टॉवेलवर ठेवली. दुसरी निघाली, तिसरी निघाली. नर्स घड्याळाकडे पाहत होती. उजवा हात झाल्यावर तो पलंगाला वळसा घालून डाव्या बाजूला गेला. तिथल्या बांगड्या जास्त घट्ट होत्या. चंदा छताकडे पाहत होती.

"बर्फाचा डबा धुवून उपडा ठेवला हाय," ती म्हणाली. "गंजाच्या मांगं. शोधत बसान."

"हाव."

"अन् पोरीपाशी बसा. माह्यापाशी नोका बसू. माह्यापाशी माही बहीन येऊन राहिली."

"हाव."

बाराव्या बांगडीला सगळ्यात जास्त वेळ लागला. ती टॉवेलवर ठेवली तेव्हा एकही फुटलेली नव्हती, हे त्यानं एकदा वाकून पाहिलं. चंदाच्या मनगटांवर जिथं बांगड्या असायच्या तिथली कातडी बाकी हातापेक्षा फिकी होती, उन्हात कधी न आलेली. तिनं दोन्ही हात चादरीच्या आत घेतले.

वॉर्डबॉयनं पलंगाच्या चाकांचे ब्रेक सोडले आणि देवमनला बाजूला व्हायला सांगितलं. तो बाजूला झाला. पलंग दारातून वळून निघून गेला. देवमन हात अंगापासून थोडे दूर धरून उभा राहिला. त्यांवरचा साबण अजून वाळायचा होता.